लोखंडी सामानाचे दुकान आणि त्यामागची भट्टी : नॉरिच ते लीस्टन

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक आणि सफोक परगण्यांत दगडी कोळसा नाही आणि वितळवण्याजोगे लोहखनिजही नाही. कोळसा उत्तरेतून समुद्रमार्गे यायचा, कच्चे बीडही (बीड म्हणजे ओतीव लोखंड) बाहेरून यायचे. तरीही एकोणिसाव्या शतकात इथल्या गावोगावी छोट्या फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, होते आणि त्यातल्या काहींची नावे पुढे जगभर गेली. कारण गिऱ्हाईक दाराशी होते. नांगराचा फाळ, पंपाची बॉडी, चुलीची जाळी, गटाराचे झाकण यांसारखा जड आणि स्वस्त माल लांबून आणला तर भाड्यातच नफा जातो. त्यापेक्षा गावातच भट्टी पेटवलेली परवडायची. आपल्याकडे तालुक्याच्या गावी बोहऱ्याचे हार्डवेअरचे दुकान असते ना, त्याच्या मागच्या अंगणात ओतकामाची भट्टी आहे असे समजा. व्हिक्टोरियन काळातला हा धंदा साधारण तसाच होता. कोल्हापूर, शिरोली, सांगली, बेळगाव या भागात ओतकाम करणाऱ्यांना तो लगेच ओळखीचा वाटेल, म्हणून ही सहल जरा बारकाईने लिहीत आहोत.

बरोबर तीन वस्तू घ्या: टॉर्च, मोजपट्टी आणि वही. टॉर्च कास्टिंगवर, म्हणजे ओतीव वस्तूवर, समोरून मारू नका, आडवा धरा. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथली रेघ), फायलिंगचे ओरखडे, गेट (धातू साच्यात शिरण्याची वाट) तोडल्याची जागा हे सगळे तिरप्या उजेडातच दिसते. चुंबकाचा इथे उपयोग नाही, कारण बीड आणि घडीव लोखंड दोन्हींना तो सारखाच चिकटतो.

बुधवार : नॉरिच, स्टेशन ते कॉस्लनी

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटवरून नॉरिचला पोचायला सुमारे दोन तास लागतात. गाडीतून उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका, आधी स्टेशनचे लोखंडकाम पाहा. हे स्टेशन १८८६चे आहे आणि लोखंडकाम बर्नार्ड, बिशप अँड बर्नार्ड्स या नॉरिचच्याच पेढीचे.

चार्ल्स बर्नार्ड याने १८२६ मध्ये नॉरिचमध्ये लोखंडी सामानाचा धंदा सुरू केला. तो शेतकरी घरातला होता, त्यामुळे शेतावर आणि घरात काय मोडते, काय मागितले जाते याची त्याला जाण होती. १८४६ मध्ये जॉन बिशप भागीदार झाला. १८५९ मध्ये चार्ल्सचे मुलगे, धाकटा चार्ल्स आणि गॉडफ्री, आत आले आणि पाटीवर चार ‘बी’ जमले. इंग्रजीत ‘बी’ म्हणजे मधमाशीही, त्यावरून पेढीने आपली खूणच चार मधमाश्यांची केली. जुन्या शेगड्यांवर फुलापानांत लपवलेल्या या माश्या सापडतात. नाव झिजले असले तरी माश्यांवरून पेढी ओळखता येते.

स्टेशनपासून शहराच्या मध्यातून चालत वेन्सम नदीपर्यंत गेले की कॉस्लनी लागते. इथला बिडाचा पूल १८०४चा, म्हणजे बर्नार्डच्या धंद्याहूनही जुना. कठड्यापेक्षा कमानीचे तुकडे एकमेकांना जोडलेल्या जागा बघाव्यात. बीड दाबाखाली उत्तम टिकते, ताणाखाली तुटते. कमानीत सगळा भार दाबाचा असतो, म्हणून दोनशे वर्षांनंतरही पूल उभा आहे. हेच बीड सरळ तुळईत घातले, तर खालच्या कडेला ताण येतो आणि काही इशारा न देता तुळई फुटते.

पुलाजवळ नदीकाठी पेढीचा नॉरफोक आयर्न वर्क्स हा कारखाना होता. आता तिथे घरे आहेत, फक्त ‘बर्नार्ड्स यार्ड’ हे नाव उरले आहे. पाहायला काही नाही म्हणून लोक इथून निघून जातात. पण अशा ठिकाणी आठवडा कसा चालायचा, हे समजून घ्यायला हीच जागा बरी.

दुकानाला जोडलेली छोटी फाउंड्री रोज धातू वितळवत नसे. क्युपोला, म्हणजे बीड वितळवण्याची उभी भट्टी, पेटवण्याचा खर्च ठरलेला असतो. माल पाच क्विंटल निघो की पाच टन, तळाचा कोक तेवढाच जळतो. त्यामुळे मोल्डर दोन-तीन दिवस साचे मांडत राहायचे आणि जमीन साच्यांनी भरली की एका दुपारी ओत व्हायचा. दुकानाच्या काउंटरवर नोंदलेली ऑर्डर ओताच्या दिवसाची वाट पाहायची. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर आळसाचे नव्हते, भट्टीच्या हिशेबाचे होते.

भट्टीचा आतला व्यास अडीच फूट असेल तर तासाला साधारण तीन टन धातू निघतो. तळाचे दार बंद करून वर वाळूचा थर द्यायचा, तो धातू काढण्याच्या भोकाकडे उतरता ठेवायचा, लाकडे पेटवायची, वर तळाचा कोक भरायचा. तो हवेच्या तोंडांच्या वर सुमारे तीन फूट उभा राहिला पाहिजे. दोन-तीन तासांत तो लाल झाला की थरांवर थर द्यायचे: एक थर बीड आणि भंगार, एक थर कोक, वर मूठभर चुनखडी. चारशे किलो धातूला चाळीस ते पन्नास किलो कोक आणि बारा ते पंधरा किलो चुनखडी हे प्रमाण चालते. चुनखडी राख आणि माती बांधून पातळ मळी करते. ती कमी पडली तर मळी घट्ट होऊन हवेची तोंडे बुजतात. तळाचा कोक कमी उंच भरला, तर धातूचे थेंब थेट हवेच्या झोतात येतात, ऑक्सिडाइज होतात आणि खाली थंड, जड धातू जमतो. नव्या माणसाच्या हातून होणारी चूक बहुतेक हीच.

पहिला टॅप, म्हणजे भोकातून काढलेला पहिला धातू, नेहमी गारसर निघतो. तो चांगल्या कामात घालत नाहीत. व्हिक्टोरियन फाउंड्रीत या धातूची खिडक्यांची वजने होत. सरकत्या खिडकीच्या चौकटीत दोरीला टांगलेली ही लांबट वजने असतात. दिसत नाहीत, त्यामुळे भोके असली तरी चालते, फक्त वजन भरले पाहिजे. मागच्या अंगणातला वाईट धातू पुढच्या काउंटरवर पौंडाच्या भावाने खपायचा. दुकान आणि भट्टी एका मालकाची असण्याचा खरा फायदा इथे दिसतो. नुसत्या फाउंड्रीला हा धातू पुन्हा वितळवावा लागला असता.

ओत संपला की तळाचे दार पाडायचे आणि उरलेला कोक पाणी मारून विझवायचा. दार पाडायला उशीर झाला तर मळी आणि धातू आतच गोठतात. मग छिन्नी-हातोडा घेऊन भट्टीत उतरावे लागते आणि अस्तराच्या विटाही निघतात.

दिवस संपण्याआधी कॅटल मार्केट स्ट्रीटवरचे क्रिस्टल हाउस पाहा. होम्स अँड सन्स या शेतीयंत्रे बनवणाऱ्यांनी १८६३ मध्ये बांधलेले हे विक्रीदालन बीड आणि काचेचे आहे. बारीक खांब आणि मोठ्या काचा, म्हणजे बाजाराला आलेल्या शेतकऱ्याला रस्त्यावरूनच यंत्र दिसावे. इमारत म्हणजेच मालाचा नमुना.

गुरुवार : ब्राइडवेल आणि हीगम पार्क

म्युझियम ऑफ नॉरिच हे ब्राइडवेल नावाच्या जुन्या इमारतीत आहे. एकेकाळी हा तुरुंग होता. गल्लीकडची गारगोटीच्या घडीव दगडांची भिंत पाहण्यासारखी आहे, पण इथे वेळ द्यायचा तो बर्नार्डच्या तारेच्या जाळीच्या यंत्राला.

नॉरिच हे विणकरांचे शहर. हातमागाचा धंदा उतरणीला लागलेला असताना १८४४ मध्ये चार्ल्स बर्नार्डने विणण्याचीच कल्पना तारेला लावली. यंत्राजवळ उभे राहून एक गोष्ट लक्षात घ्या: कापडात धागा धाग्याच्या खालून-वरून जातो, षट्कोनी जाळीत मात्र एक तार शेजारच्या तारेला पीळ घालते. डावीकडच्या शेजाऱ्याशी पीळ झाला की तार अर्धे घर सरकते आणि उजवीकडच्या शेजाऱ्याशी पीळ घालते, मग परत. यामुळे एका जागी तार तुटली तरी जाळी मोज्यासारखी उसवत नाही. पीळ अर्धवट राहिला की घर ताणाखाली मोठे होते आणि जाळीचा कारभारच संपतो.

विणून झाल्यावर जाळी जस्तात बुडवायची, ही पुढची महत्त्वाची पायरी. जस्ताचा मुलामा देण्याची पद्धत पेटंट झाली १८३७ मध्ये, म्हणजे हे तंत्र तेव्हा ताजे होते. आधी मुलामा दिलेली तार विणली तर पिळाच्या जागी तो तडकतो आणि गंज नेमका तिथे सुरू होतो. विणून मग साधारण ४५० अंश सेल्सियसच्या जस्तात बुडवली, तर पीळच डाग दिल्यासारखा भरून येतो. जस्त जास्त तापले तर तारेवर जाड, ठिसूळ थर बसतो. तार नीट आम्लात धुतली नसेल तर काळे ठिपके राहतात.

ही जाळी खपली सशांमुळे. सशासाठी घर सव्वा इंचाचे लागते, त्याहून मोठ्या घरातून पिल्ले निसटतात. खालची सहा इंच जाळी जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवायची, कारण ससा कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरतो, मागे सरकून उकरणे त्याला सुचत नाही. ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये जंगली ससे सोडले गेले आणि काही दशकांत तिथल्या कुराणांची धूळधाण झाली. नॉरिचच्या जाळीला तिकडे मोठी मागणी आली. दुकानदाराच्या डोक्यातून निघालेल्या या मालाने ओतकामाच्या मंदीतही पेढीला तारले असणार, असे आमचे मत आहे. फाउंड्रीचे काम घरबांधणीच्या तेजीमंदीवर हलते, जाळी तशी नाही.

यानंतर शेगड्या. संग्रहालयात असोत, जुन्या घरात असोत की जुन्या वस्तूंच्या दुकानात, बर्नार्डची शेगडी पाहताना समोरची नक्षी नंतर बघा, आधी पाठ बघा. पाठीमागे पॅटर्नचा, म्हणजे वाळूत साचा उठवण्याच्या नमुन्याचा, क्रमांक असतो आणि नशीब असेल तर शंकरपाळ्याच्या आकाराची नोंदणीखूण. ही खूण १८४२ ते १८८३ या काळात वापरली जायची. माथ्यावरच्या वर्तुळात रोमन एक असेल तर वस्तू धातूची. १८६७ पर्यंत वर्षाचे अक्षर वरच्या कोपऱ्यात असे, १८६८ पासून ते उजव्या कोपऱ्यात गेले. अक्षरे अनुक्रमाने नाहीत, म्हणून तक्ता जवळ ठेवावा. उदाहरणार्थ, उजव्या कोपऱ्यात ‘एफ’ असेल तर १८७३, पण तेच ‘एफ’ वरच्या कोपऱ्यात असेल तर १८४७. १८८४ पासून खूण गेली आणि साधे क्रमांक आले. एक सावधगिरी: ही तारीख नक्षी नोंदवल्याची आहे, कास्टिंगची नाही. पॅटर्न चांगला चालला तर तोच पुढे वीस वर्षे ओतला जायचा.

बर्नार्डच्या ‘स्लो कंबश्चन’ शेगडीचे तत्त्व सोपे आहे. साध्या जाळीच्या शेगडीत हवा खालून भसाभस शिरते आणि कोळसा धडाडून जळून जातो, उष्णता धुराड्यातून निघून जाते. या शेगडीत कोळसा विटांच्या भरीव तळावर बसतो, हवा फक्त समोरून मिळते, त्यामुळे तो तासन्‌तास धुमसत राहतो. दुरुस्तीसाठी अशी शेगडी उघडली की बहुधा दोन दोष सापडतात. एक, मागची प्लेट तडकलेली. तिचे बोल्ट कुणीतरी आवळून घट्ट केलेले असतात. तापल्यावर प्लेटला फुगायला जागा लागते, म्हणून मूळ भोके लांबट ठेवलेली असत आणि बोल्ट हाताने घट्ट होईल इतकाच आवळायचा असे. दोन, कडेला ड्रिल चालत नाही. पाव इंच जाडीची प्लेट कडेला पटकन गार होते आणि तिथले बीड पांढरे, काचेसारखे कडक होते. भोक पाडायचेच असेल तर नवे बिट घालवण्याऐवजी जागा बदलावी.

या शेगड्यांवरची जपानी वळणाची वर्तुळे आणि फुले थॉमस जेकिल याची. तो १८२७ मध्ये वाइमंडममध्ये जन्मला, शिक्षणाने-पेशाने वास्तुरचनाकार. त्याची वर्तुळे कागदावर सुंदर दिसतात म्हणून नव्हे, वाळूतून नीट सुटतात म्हणून आम्हाला आवडतात. उठाव उथळ, कडा किंचित कलत्या, कुठेही आत वळलेली खाच नाही. पॅटर्नला एक-दोन अंशांचा उतार नसेल तर तो उचलताना वाळूच्या कडा ढासळतात. जेकिल पॅटर्नमेकरशी बोलून आखणी करत असावा, असे कास्टिंगच सांगते.

१८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनासाठी बर्नार्डने जेकिलच्या आखणीवर लोखंडाचा एक दुमजली मंडप बनवला. त्याभोवती सूर्यफुलांचे कुंपण होते. पुढे नॉरिचच्या नगरपालिकेने तो विकत घेऊन चॅपलफील्ड बागेत उभा केला. १९४९ मध्ये गंज आणि युद्धातली मोडतोड यांमुळे तो पाडला गेला. सूर्यफुलांचा काही भाग वाचला, तो हीगम पार्कच्या फाटकात पाहायला मिळतो. संध्याकाळच्या कलत्या उन्हात जा. ही फुले घडीव आहेत. दोन शेजारच्या फुलांच्या पाकळ्या मोजपट्टीने मोजल्या तर तंतोतंत जुळत नाहीत, आणि ओतीव फुलात त्या जुळल्याच असत्या.

शुक्रवार : किंग्ज लिन आणि सँड्रिंगम

नॉरिचहून किंग्ज लिनला थेट रेल्वे नाही, एलीला गाडी बदलावी लागते. लिनच्या साउथ गेटजवळ फ्रेडरिक सॅव्हेज याचा पुतळा आहे. तो हातमाग विणकराचा मुलगा. शेतीच्या दाताळ्या-कुदळींपासून सुरुवात करून त्याने वाफेवर चालणारे जत्रेतले फिरते पाळणे बनवले आणि तो गावचा मेयर झाला. पुतळा १८९२चा, तो हयात असतानाच उभारलेला. लिनमध्ये एवढे पुरे.

दुपारी बसने सँड्रिंगम. राजवाड्याचे तिकीट काढले नाही तरी नॉरिच गेट्स रस्त्यावरून दिसतात. जेकिलने आखलेले आणि बर्नार्डने घडवलेले हे फाटक १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडले होते. पुढच्या वर्षी प्रिन्स ऑफ वेल्सच्या लग्नात नॉरिच आणि नॉरफोकच्या लोकांनी ते आहेर म्हणून दिले.

ओतीव आणि घडीव लोखंड शेजारी ठेवून ओळखायला शिकायचे तर यापेक्षा चांगली जागा नाही. घडीव पानाची कड हातोड्याने पातळ होत गेलेली असते, देठ फांदीला जोडलेला असतो तिथे जरा फुगवटा दिसतो किंवा पट्टीचे कडे गुंडाळलेले असते. ओतीव पानाची जाडी कडेपर्यंत सारखी, आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावर पार्टिंग लाइनची अस्पष्ट रेघ. गंजही वेगळा. घडीव लोखंड पापुद्र्यापापुद्र्याने सुटते, बीड तसे सुटत नाही. तुटलेला तुकडा मिळाला तर शंकाच उरत नाही: घडीव लोखंडात धागे दिसतात, बिडात करडे दाणे.

अशा फाटकात नफा नव्हता. शेकडो पाने एकेक करून ऐरणीवर घडवणे म्हणजे मजुरीचा डोंगर. पण त्याची छायाचित्रे आणि चित्रे मालसूचीत छापून पेढीने साधी कुंपणे विकली. साध्या कुंपणाचे गणित उलटे: पॅटर्नचा खर्च एकदाच, मग साच्याच्या एका पेटीत पाच-सहा भाले (कुंपणाचे टोकदार गज), दिवसाला कित्येक पेट्या.

बारीक कुंपणात काय चुकते ते कुठल्याही जुन्या गल्लीत दिसते. दोन बाजूंनी येणारा धातू मधे भेटेपर्यंत गार झाला तर तिथे गोलसर कडांची रेघ पडते. ती कोल्ड शट. वरून रंग दिला की दिसत नाही, पण तिथेच पुढे मोडते. उपाय म्हणून जास्त फॉस्फरसचे, जवळजवळ एक टक्का, बीड वापरत. ते पाण्यासारखे पळते आणि नक्षी भरून काढते, पण ठिसूळ असते. म्हणून जुन्या कुंपणाच्या टोकाला गाडी घासली की ते वाकत नाही, तुकडा पडतो.

दुरुस्तीवाल्यांसाठी एक इशारा. जुना भाला पॅटर्न म्हणून वाळूत दाबून नवा ओतला तर तो लहान येतो. बीड फुटाला एक अष्टमांश इंच आकसते. तीन फुटांच्या तुकड्यात तीन अष्टमांश इंच कमी, आणि भोके जुळत नाहीत. मूळ पॅटर्नमेकर यासाठी वाढीव मापाची पट्टी वापरायचे. लाकडी मूळ पॅटर्नवरून लोखंडी पॅटर्न करायचा असेल तर आकस दोनदा धरायचे.

शनिवार : थेटफर्ड

नॉरिचहून थेटफर्ड अर्ध्या तासावर. मिन्स्टरगेटवर चार्ल्स बरेल अँड सन्सच्या जुन्या रंगकाम विभागात त्यांचे संग्रहालय आहे. ते ठरावीक दिवशीच उघडते, आधी चौकशी करून या. शेतीयंत्रे बनवणारे हे घराणे वाफेच्या ट्रॅक्शन इंजिनांमुळे, म्हणजे रस्त्यावर चालणाऱ्या ओढकामाच्या इंजिनांमुळे, प्रसिद्ध झाले.

इंजिनाचा सिलिंडर ओतणे ही फाउंड्रीची खरी परीक्षा. पोकळी करायला वाळूचा कोअर आत टांगावा लागतो. त्या काळी कोअरच्या मातीत घोड्याची लीद मिसळत आणि मोठ्या कोअरच्या गाभ्यात गवताची दोरी गुंडाळत. धातू ओतला की लीद आणि गवत जळते, उरलेल्या वाटांनी वायू बाहेर पडतो. कोअर नीट भाजला नसेल तर तोच वायू धातूत शिरतो आणि बोअरिंग करताना (आतली पोकळी कापून गोल करताना) मधेच भोक उघडे पडते. कोअर तरंगून हलला तर एक भिंत जाड, दुसरी पातळ. त्याला आधार देणारे लोखंडी चॅपलेट गंजलेले किंवा ओले असतील तर ते धातूत विरघळत नाहीत आणि वाफ तिथून झिरपते. फॉस्फरसवाले कुंपणाचे बीड इथे चालत नाही, दाट कणांचे लागते. म्हणजे एकाच भट्टीत दोन जातींचा माल एकाच दुपारी काढायचा तर क्रम ठरवावा लागतो आणि मधला मिश्र धातू वजनांत घालवावा लागतो.

आर. डब्ल्यू. थॉमसन या अभियंत्याच्या आखणीची रबरी चाकांची ‘रोड स्टीमर’, म्हणजे रस्त्यावरचे वाफेचे इंजिन, बरेलनेही बांधली. याच जातीची इंजिने क्रॉम्प्टन या अधिकाऱ्याने पंजाबातल्या रस्त्यांसाठी मागवली होती, ती मात्र इप्सविचच्या रॅन्सम्सची. त्यातले ‘रावी’ नावाचे इंजिन १८७१ मध्ये चाचणी म्हणून इप्सविचहून एडिंबरापर्यंत चालवत नेले. थेटफर्डमध्येच नदीच्या बेटावर महाराजा दलीपसिंगांचा अश्वारूढ पुतळा आहे. ते जवळच एल्व्हडनला राहत. वाट वाकडी करून पाहावा.

सोमवार : इप्सविचमार्गे लीस्टन

इप्सविचला गाडी बदलताना रॉबर्ट रॅन्सम आठवावा. तो नॉरिचमध्ये लोखंडी सामानाच्या दुकानदाराकडे उमेदवारी करून पुढे आला, १७८९ मध्ये इप्सविचला गेला आणि १८०३ मध्ये त्याने चिल्ड फाळाचे पेटंट घेतले. साच्याच्या तळाला वाळूऐवजी लोखंडी ठोकळा ठेवायचा. त्याला टेकलेला धातू झटक्यात गार होऊन पांढरा, कडक होतो, वरची बाजू वाळूत सावकाश गार होऊन मऊ राहते. शेतात वरची बाजू आधी झिजते, खालची कडक कड पुढे राहते, म्हणून फाळ आपोआप धारदार राहतो. ठोकळा गार किंवा दमट असेल तर त्यावर ओल धरते आणि धातू उसळतो. तो आधी गरम करून त्यावर ग्रॅफाइटचा हात द्यायचा. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बाजारात आणला तो याच्या बरोबर शंभर वर्षांनी, १९०३ मध्ये.

सॅक्समंडमला उतरून बसने लीस्टन. रिचर्ड गॅरेट १७७८ मध्ये इथे लोहारकाम करायला आला. विळे आणि धारेची अवजारे हा त्याचा माल. त्याच्याच नावाच्या नातवाने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर ‘लाँग शॉप’ बांधले. तेच आज संग्रहालयाचा गाभा आहे. आत शिरल्यावर मधल्या मोकळ्या जागेत उभे राहा आणि वर बघा. दोन्ही बाजूंच्या माड्यांवर सुटे भाग तयार व्हायचे, क्रेनने खाली उतरायचे, आणि मधल्या वाटेने पुढे सरकत जाणाऱ्या इंजिनावर बसायचे. फोर्डच्या असेंब्ली लाइनच्या साठ वर्षे आधीची ही मांडणी आहे. ती शक्य झाली कारण भाग एकमेकांच्या जागी बसतील इतके सारखे ओतले आणि कापले जात होते. जुन्या पद्धतीत फिटर प्रत्येक भाग घासून जुळवायचा, इथे घासायला वेळच ठेवलेला नाही. साचा दोन पेट्यांत मांडताना पेटीच्या पिना ढिल्या झाल्या की वरचा अर्धा सरकतो. दुकानाच्या काउंटरवरच्या शेगडीत तो सरक खपून जायचा, पण लाँग शॉपमध्ये सगळी रांग थांबायची.

या घराण्यातली एलिझाबेथ गॅरेट अँडरसन ही संस्थापकाच्या दुसऱ्या नातवाची, न्यूसनची मुलगी. १८६५ मध्ये तिने डॉक्टरीचा परवाना मिळवला. पुढे ती लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची डीन होती आणि त्याच काळात आपल्या डॉ. रखमाबाई तिथे शिकून १८९४ मध्ये पदवी घेऊन परतल्या. लीस्टनला येणाऱ्या मराठी माणसाने हे जरूर लक्षात ठेवावे.

संग्रहालयात १९०६चे ‘सिरापाइट’ हे कारखान्याचे वाफेचे शंटर, म्हणजे आवारात डबे हलवणारे इंजिन, पाहा. ते एव्हलिंग अँड पोर्टरचे आहे, गॅरेटचे नाही, ही चूक बरेच जण करतात. पहिल्या महायुद्धानंतर गॅरेट आणि बरेल दोघेही एका मोठ्या समूहात गेले. थेटफर्डचा कारखाना १९२८ मध्ये बंद झाला आणि बरेलच्या नावाची शेवटची इंजिने लीस्टनमध्ये बांधली गेली. समूह १९३२ मध्ये बुडाला, गॅरेट मात्र दुसऱ्या मालकाखाली १९८० च्या सुमारापर्यंत टिकले. संग्रहालय हिवाळ्यात बंद असते. एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच बेत आखा आणि सॅक्समंडमच्या शेवटच्या बसची वेळ आल्याआल्या पाहून ठेवा.